किशोरीताईंनी ऐकलेला शोफार

नागाव,
नव्याचा सण उलटल्यावर

चि. बेनी यास फ्लोराताईचा शालोम आणि पोटभर आशीर्वाद.

नव्या वर्षात तुझं, रिबेकाचं आणि मुलांचं नाव देवाच्या चांगल्या पानावर लिहिलं जावो. तुझा गुडघा कसा आहे? अश्दोदचा उकाडा उतरला का? इकडे आम्ही सुखरूप आहोत, आणि ते कुणाच्या कृपेने, हे सांगायलाच लिहायला बसले आहे.

यंदा आपले हनोखकाका सणाला ठाण्याहून आले. आता त्यांना धरून चालवावं लागतं, पण फोनवर म्हणाले, "गावच्या सिनेगॉगमधला शोफार, ते शिंग वाजताना एकदा ऐकायचंय. मग देवाला माझं काय करायचं ते करू दे." सणाच्या रात्री सफरचंद मधात बुडवून खाल्लं, डाळिंबाचे दाणे खाल्ले, वर्ष गोड जावं म्हणून. मग मी जिताडा माशाचं डोकं ताटात ठेवलं. आपण वर्षभर डोकं व्हावं, शेपूट होऊ नये, म्हणून सगळ्यांनी घासभर खायचं, एवढीच रीत. काकांनी ते डोळ्यांसकट एकट्याने संपवलं (वर कालवण वाटीने प्यायले). सकाळी पोट असं बिघडलं की सगळे शोफार ऐकायला गेले आणि काका आमच्या मोरीत. जेवायला परतल्यावर ह्यांनी समजूत घातली, "काका, उद्या दुसरा दिवस आहे. उद्या फक्त तुमच्यासाठी वाजवतो."

हे बोलले आणि संध्याकाळी पापं टाकायला समुद्रावर गेले. तुला ठाऊकच आहे, पाण्याकाठी उभं राहून प्रार्थना म्हणायची, खिसे झटकायचे, की झालं. पण तुझ्या भावजींना पापं खोल पाण्यात हवी होती (इतकी कुठली, ते मी विचारलं नाही). कमरेएवढ्या पाण्यात शिरले, दोन्ही खिसे उलटे केले आणि तावातावाने झटकले. बनाना राइडवाल्यांना वाटलं, म्हातारा बुडतोय. दोघांनी खांद्याला धरून बाहेर काढला. पापं गेली की नाही ते देव जाणे, खिशातली सिनेगॉगची चावी मात्र गेली. शोफार आत, तोराची पोथी आत, आणि दुसरी चावी मुंबईला सेक्रेटरींकडे. त्यांचा फोन सणाचा बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे कुलपासमोर उभे. काका खुर्चीत, कोट घालून, केस विंचरून. सणाच्या दिवशी काम निषिद्ध, म्हणून कुलूप फोडायचं नाही, आणि आपल्यासाठी फोड असं दुसऱ्याला सांगायचंही नाही. ह्यांची मान वर होत नव्हती. काका एवढंच म्हणाले, "असू दे रे. माझंच पोट नडलं." बेनी, त्यांनी रागावायला हवं होतं. ते रागावले नाहीत म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

एवढ्यात शेजारच्या वाडीच्या किशोरीताई दगडी गडग्यापाशी आल्या. (त्या मुख्याध्यापिका होत्या, अजूनही आहेत असं त्यांना वाटतं.) "आज शिंग का नाही वाजलं?" मी झालेलं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "पण ते वाजवतात कशासाठी, फ्लोरा? इतकी वर्षं ऐकत्येय, विचारलंच नाही."

उत्तर काकांनी दिलं. "बाई, आज जगाचा वाढदिवस. देव एकेकाकडे बघतो, कसा वागलास म्हणून. आणि आपण झोपलेले असतो. ते एडक्याचं शिंग आपल्याला उठवतं. बाकी काही नाही."

किशोरीताई तशाच वळल्या. घरात गेल्या आणि नारळ सोलायची पहार घेऊन आल्या.

ह्यांनी घाईघाईने सांगितलं, "ताई, आम्ही तुम्हाला काही सांगितलेलं नाही हं."

"तुम्ही गप्प बसा," ताई म्हणाल्या. "मी दरवर्षी स्वयंपाकघरातून ऐकत्ये. यंदा मला आत बसून ऐकायचंय. मी माझ्यासाठी फोडत्येय."

पदर खोचून तीन घाव घातले. कुलूप गेलं, कडी गेली, दाराची एक फळीही गेली.

बेनी, ह्यांनी त्या दिवशी जसा शोफार वाजवला तसा आजवर कधी वाजवला नव्हता. काकांनी डोळे मिटले होते, ओठ हलत होते, आणि हात माझ्या हातात घट्ट. मागच्या बाकावर डोक्यावरून पदर घेऊन किशोरीताई. शेवटचा लांब सूर विरला. काका म्हणाले, "पोचलं." कुठे पोचलं, ते मी विचारलं नाही. माणसं इतकी कमी उरलीत आपली इथे, तरी आपण एकटे नाही, एवढं मला त्या बाकावर बसून कळलं. देवाचे आभार मानलेच, पण आधी शेजारणीचे मानले.

तुझी,
फ्लोराताई

ता. क. खरं काम राहिलंच. तिकडून एक शोफार पाठव. किशोरीताईंना वाजवायला शिकायचंय, आणि हे आपला कुणाला हात लावू देत नाहीत.

आणखी एक. त्यांनी ह्यांच्या नकळत एकदा वाजवून पाहिला. रोज आरतीला शंख फुंकून त्यांचा दम असा तयार झालाय की ह्यांच्यापेक्षा दुप्पट लांब सूर निघाला. हे तेव्हा अंघोळीला होते. बाहेर येऊन मला म्हणाले, "ऐकलंस? देव प्रसन्न आहे." मी हो म्हटलं. तूही तसंच म्हण.