उंच साल्तो

बोइतुवा, मंगळवार

आदरणीय बेनेदिताताई,

आधी आशीर्वाद दे, मग पत्र वाच. तुझा दमा, तुझ्या कोंबड्या आणि ती चिडकी हंसीण खुशाल असतील. मीही खुशाल आहे (वरचे दात वगळता, ते पुढे येईलच).

आमच्या ज्येष्ठांच्या नाचमंडळातली दोना झुल्मिरा तुला आठवत असेल, शिवणकाम करणारी विधवा. शनिवारी सांव जुआंवच्या सणाचा नाच आहे. त्यात माझी जोडीदार होतेस का, एवढं तिला विचारायला दोन वर्षं माझी जीभ रेटत नाही. परवा कॉफी ढवळता ढवळता ती उसासली, "मरण्याआधी एकदा उंच साल्तो, बस." आता आमच्या गावावर रोज विमानातून पॅराशूट बांधलेली माणसं गळतात. साल्तो म्हटल्यावर मला उडीशिवाय काय सुचणार? तिला कुठे झेपणार, तिच्या डोळ्यांदेखत आपणच मारावी, आणि उतरताच विचारून टाकावं, असं ठरवलं.

उडीवाल्या कंपनीनं नऊ पानांवर माझ्या सह्या घेतल्या. मी मेलो तर दोष वाऱ्याचा, विमानाचा, माझ्या हृदयाचा, पण त्यांचा नाही (शेवटी लिहिलं होतं, आपला दिवस आनंदात जावो). धैर्याचं प्रमाणपत्र उडीआधीच छापून तयार होतं. मग उएस्लेई नावाच्या दांडगट तरुणाच्या पोटाशी मला गाठोड्यासारखं बांधलं.

"आजोबा, केळ्यासारखं वाका आणि तोंड मिटा."

"मग कविता?"

"ती जमिनीवर."

पण ताई, एर्मिनियाबाईंनी चौथीत पाठ करून घेतलेली गरुडाची बारा कडवी मी साठ वर्षं छपराखालीच म्हणत आलो. गरुडाच्या गावी जाऊन गप्प बसायचं? विमानातून सुटताच कवितेतलं पहिलं "हे" म्हणून तोंड उघडलं, वारा आत शिरला आणि कवळीचे दात बाहेर पडले. कुठंही सही न करता ते माझ्याआधी, एकटे, खाली गेले.

खाली झुल्मिरा छत्री घेऊन उभी. मी गुडघ्यांवर (उतरलोच तसा) म्हटलं, "उंच थाल्तो, तुझ्याथाठी."

ती म्हणाली, "अहो अँसेल्मो, मी उंच टाचांचं म्हणत होते. डॉक्टरांनी ते बूट बंद केलेत ना."

आपल्या पोर्तुगीजमध्ये उडीलाही साल्तो, टाचेलाही साल्तो. तू जन्मभर भाषा शिकवलीस, ही कंजुषी कोणाची ते तूच सांग. बोळक्या तोंडानं पुढचं विचारायचं राहूनच गेलं.

तुझा धाकटा,
अँसेल्मो

ता.क. विमान तुझ्याच बागेवरून जातं. आंब्यांखाली जरा बघ. शनिवारच्या आत दात मिळाले तर विचारीन म्हणतो. हंसिणीला घेऊ देऊ नकोस.

ता.क. २. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात झुल्मिरा आली. माझ्या उडीचं चित्रण तिनं चारदा पाहिलं, आणि चौथ्यांदा हसताना तिचेच दात कॉफीत पडले. मी लगेच विचारलं. तिनं काय उत्तर दिलं ते दोघांनाही नीट कळलं नाही, पण तिची मान होकारार्थी हलली. तेव्हा दात शोधू नकोस. तुझे लाल उंच टाचांचे बूट तेवढे पाठव. ती ते घालून बसेल, मी शेजारी बसेन, नाच बाकीचे करतील.