दोन चमचे कमी

तीर्थरूप आईला, लांबूनच वाकून नमस्कार.

आम्ही बरे आहोत. छकुली आता पालथी पडते. तुझा गुडघा कसा आहे?

फोनवर मी तिच्या वजनाचं बोलणं टाळत होते. दोन महिने काटा हललाच नव्हता. शेवटी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी विचारलं, "दुधाची पावडर किती चमचे घालता?"

"दोन. घट्ट दूध बाधेल म्हणून."

"एवढ्या पाण्याला चार लागतात, ताई. लेकरू अर्धपोटी राहिलंय."

घरी आल्या आल्या मी चार चमच्यांची बाटली केली.

तेव्हापासून चमचे मोजूनमापून घालते. आज तिला काट्यावर ठेवताना मी डोळेच मिटले. पंधरा दिवसांत चारशे ग्रॅम वाढली!

यांना अजून सांगितलेलं नाही. आई, मला वाढवताना तुझंही असं काही चुकलं होतं का? खरंखरं लिही.

तुझी,
धाकटी