मागून डोलणारी गाडी

प्रिय ठकू,

तुझ्या सासूबाईंचा गुडघा आता वाकतो का, की जिना चढताना अजून कठडा धरावा लागतो? जावईबापूंचा खोकला गेला का, की अजून रात्रभर घराला पहारा देतोय? छोटीचा पुढचा दात पडला म्हणे. आता ‘स’ म्हणताना बाईसाहेबांची चांगलीच फजिती होत असेल. आणि तू कशी आहेस? तुझं शेवटी विचारते, कारण तुला विचारायला मला तोंड राहिलेलं नाही.

गाडीचं सांगायचंय. घरोघरी जाऊन आजाऱ्यांच्या जखमा बांधायचं तुझं काम बसने जमणारं नव्हतं, म्हणून आठवडाभर माझी गाडी तुझ्याकडे आणि रविवारी माझ्याकडे, असं आपलं ठरलेलं. चालवायलाही मीच शिकवलं. मला कुणी शिकवलं नव्हतं. पुस्तक वाचून आणि फाटकाच्या भिंतीला दोनदा भेटून मी शिकले, म्हणून अंगात जरा जास्तच ताठा. टायरमधली हवा कमी झाली की पेटणारा तो पिवळा दिवा आठवतोय ना? समोर गाडीचं चित्र यायचं आणि त्यात पुढचं डावं चाक पिवळं व्हायचं. दर रविवारी मी चारही चाकांत हवा भरायची, कारण एकालाच भरली तर बाकीची रुसतील! दिवा विझायचा. चार दिवसांत पुन्हा हजर. ते चाक काढून मी पाण्याच्या टबात बुडवलं, पण एक बुडबुडा येईल तर शपथ. पंक्चर नाही, मग हवा जाते कुठे? माझ्या डोक्याने लगेच निकाल दिला, की तू चाक फुटपाथच्या कडेला आपटतेस आणि रिमशी हवा सुटते.

तू म्हणायचीस, मावशी, आपटत नाही गं, पण वळणावर गाडी मागून डोलते. आणि मी हसायची. हवा पुढच्या चाकाची जाते आणि गाडी मागून डोलते, हे कुठलं शास्त्र काढलंस, म्हणून तुझी टर उडवायची. त्यावरही थांबले नाही. तुमच्याकडे जेवायला आले होते, तेव्हा सगळ्यांसमोर उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाले, पोरगी गुणाची, पण हात जड, गाडी काही हिच्या नशिबात नाही. सासूबाई घाबरल्या, जावईबापूंनी किल्ली मला परत दिली. तू ताटातून मान वर केली नाहीस. पुढच्याच आठवड्यात ते काम सोडून तू दवाखान्याच्या खिडकीत पावत्या फाडायला बसलीस.

मग झालं असं, की तू गाडीला हात न लावता महिना लोटला, तरी दिवा दर चार दिवसांनी पेटतच राहिला. तेच पुढचं डावं चाक! आता खापर कुणावर फोडू? आपटायला गाडीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. चारही चाकांत हवा नीट भरली आणि मग मुद्दाम पुढच्या डाव्यातली थोडी सोडून दिली. वरच्या गॅलरीतून शेजारीण ओरडली, अहो मावशी, हवा भरतात, सोडत नाहीत! गल्लीला एक फेरी मारली. चित्रात पिवळं झालं मागचं उजवं.

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. टायर सारखे झिजावेत म्हणून उन्हाळ्यात मीच चाकांची अदलाबदल केली होती, पुढचं डावं मागे उजवीकडे आणि मागचं उजवं पुढे डावीकडे. हवा मोजणारा सेन्सर चाकाच्या आत असतो, तो चाकाबरोबर गेला. पण चाकांनी घर बदललं हे गाडीला कुणी सांगितलंच नाही. ती बिचारी जुन्याच पत्त्यावर बोट दाखवत राहिली. मागचं उजवं चाक टबात बुडवलं, तर बुडबुड्यांची नुसती माळ. एवढासा स्क्रू रुतलेला. म्हणजे गाडी मागूनच डोलत होती, ठकू. तुझ्या हाताला जे कळलं, ते माझ्या शहाणपणाला कळलं नाही.

तेव्हाच धावत यायला हवं होतं. आले नाही. पंक्चर काढलं, चाकं गुपचूप जागच्या जागी लावली आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. त्यानंतर तुमच्याकडे चहाला आले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, बसने जाते तेच बरं, नाही का? आणि मी, तुझ्यासमोर, मान डोलावली. त्या मानेची मला जेवढी लाज वाटते, तेवढी त्या स्क्रूची नाही.

परवा पेट्रोल पंपावर तुझ्या जुन्या कामावरच्या मोठ्या बाई भेटल्या. तुझी जागा पुन्हा रिकामी झालीय, त्यांनी तुला बोलावलं आणि तू नाही म्हणालीस. कारण काय दिलंस, तेही त्यांनी सांगितलं. माझा हात जड आहे, मावशीच म्हणते. माझे शब्द तुझ्या तोंडून असे फिरून माझ्याकडे आले, तेव्हा पेट्रोल न भरताच मी घरी परतले. म्हणून हे पत्र. मी बोलले ते चारचौघांत, तेव्हा हेही चारचौघांत, जेवायला सगळे बसले की मोठ्याने वाच. तुला वाचणं जमलं नाही, तर सासूबाईंकडे दे, त्यांचा आवाज खणखणीत आहे. कुणी मला हसलं तर हसू दे. बाई सोमवारपर्यंत वाट बघणार आहेत. त्या कामावर जायचं की नाही ते तू ठरव, फक्त माझ्या त्या वाक्यावरून ठरवू नकोस. रागाने लिही, दोनच ओळी लिही, पण लवकर लिही गं.

तुझीच,
मावशी