नत्थुजीची बायको

झाशी,
ता. ११ डिसेंबर १९३४

तीर्थरूप आबाजीचे पायी नातू शालिकरामचा दंडवत.

इकडे मी खुशाल. तिकडे बैलं, बाग अन् तुमी, याच क्रमानं, खुशाल असाल असं धरून चालतो. पत्र वाचून दाखवणारे वामनराव मास्तर यांनाही नमस्कार. मास्तर, आबाजीले डाव्या कानानं कमी ऐकू येते, उजवीकडं बसा. अन् मधातलं काही गाळू नका, त्यांना वळखू येते.

इथं थंडी अशी की सकाळी इंजिनाच्या भट्टीपाशी उभं राहायले माणसं भांडतात. माझं कामच भट्टीपाशी, म्हणून मी राजा. अकोल्याच्या कापसाच्या जिनात सहा महिने टिकलो नोहोतो, इथं टिकलो. संत्र्याचा आंब्या बहार कसा उतरला? इथं बाजारात संत्रं आलं की मी वास घेतो अन् दुकानदाराले सांगतो, हे आमच्या शेंदूरजन्याचं नोहे. तो म्हणते, "लेना है तो लो, सूँघो मत."

आता मुद्द्याचं. रेल्वेच्या एका कागदात घराण्याची माहिती भराची आहे. बापाचं नाव पंजाबराव, मायचं मैनाबाई, आज्याचं नत्थुजी, सगळं फटाफट झालं. आजीपाशी हात थांबला. ती माझ्या जन्माच्या आधीच गेली. गावात तिले सगळे 'पंजाबची माय' म्हणत, तुमी नुसतं 'ते' म्हणता. आपला ढवळ्या बैल मरून किती सालं झाली, त्याचं नाव अख्ख्या गावाले पाठ आहे. आजीचं कोणालेच नाई!

तुमाले इचाराची हिंमत नोहोती. बायकोचं नाव तोंडातून काढाचं नाई, हा तुमचा नेम. म्हटलं, सरकारले इचारू. माणूस मेला की सरकारपाशी नोंद होतेच. पोलीस पाटलाले कार्ड टाकलं. त्यांचं उत्तर आलं की कोतवालाचं जन्म-मरणाचं जुनं बुक गावात राहत नाई, ठाण्यात जमा होते, तिथून तालुक्याले जाते. मंग रजा काढली अन् स्वतःच तालुक्याले गेलो.

होय आबाजी, आलो होतो. खुशालराव काकानं सांगतलं असंन की शालिकसारखा कोणी मोटारीत दिसला. तो मीच. आपल्या फाट्यावरून मोटार गेली तवा डोक्यावरून घोंगडं घेतलं होतं. काहून, ते आत्ता इचारू नका.

कचेरीबाहेर झाडाखाली अर्जनवीस बसला होता. म्हणे, "कोणाच्या मरणाची नक्कल पाहिजे?"

"आजीच्या."

"नाव?"

"तेच त पाहिजे."

त्यानं चष्मा काढला. "बरं, साल तरी?"

"ज्या पावसाळ्यात आमच्या बागेत पहिली संत्र्याची कलमं लागली, त्याच पावसाळ्यात गेली."

"अरे बाबू, सरकार संत्र्यावरून सालं मोजत नाई!"

पण माणूस जाणता. झाडं केवढी आहेत, माझा बाप तवा केवढा होता, असं खोदून खोदून इचारलं अन् अदमासानं तीन सालं लिहिली. गावाचं नाव लिहिलं, तिकीट चिकटवलं. आत शेषराव नावाचे कारकून. त्यांनी नाकाले उपरणं बांधलं अन् शेंदूरजन्याचे तीन सालांचे गठ्ठे काढले. मी पायरीवर फुटाणे खात बसलो. दिवस कलता कलता आतून हाक आली, "नत्थुजीचा नातू कोण?"

आबाजी, धावत गेलो. त्यांनी बोट ठेवून वाचलं: 'नत्थुजी माळी याची बायको. वय अदमासे चाळीस. ताप. खबर देणार: नवरा नत्थुजी.'

मी म्हटलं, "अन् नाव?"

शेषराव हसाले लागले. "लेका, दप्तरात चूक नाई. जे सांगतलं ते कोतवालानं लिहिलं. सांगणाऱ्यानंच नाव गिळलं, त्याले सरकार काय करणार?"

मीही हसलो, मस्त हसलो. मंग मोटारीत बसल्यावर ध्यानात आलं, कोतवाल इचारत असंन, घरात ती तशी पडलेली, अन् तुमी अंगणात उभे. तवाही नेम मोडला नाई. त्यापुढं हसू आलं नाई.

तवा आता तुमीच सांगा. मास्तरांजवळ सांगा, ते लिहून धाडतील. जरा लवकर. इथं शेजारच्या खोलीत एक लेकरू रातभर रडते, झोप कशी ती नाई. सहज इचारतो, एवढ्याशा लेकराले जायफळ उगाळून द्यावं का ओव्याचं पाणी? शेजारची बाई इचारत होती.

तुमचा
शालिकराम


झाशी,
ता. ६ जानेवारी १९३५

तीर्थरूप आबाजीले शालिकराम कान धरून दंडवत घालते.

कार्ड पोचलं. मास्तरांनी तुमचे शब्द होते तसे उतरवले, त्यांचे उपकार. मी ते उभ्या उभ्या वाचलं अन् मंग खाली बसून पुन्हा वाचलं. "शालिक, रेल्वेले माह्या बायकोच्या नावाचं काय काम? अन् एकट्या गड्याले जायफळाचं काय काम? बाईचं नाव मांगतं, म्हणजे पोट्टी झाली असंन. तिवश्याच्या पोरीचं लगन कवाचं झालं, तिले दोन लेकरं हायेत, तुह्यासाठी कोणी थांबलं नाई. नाव मी कागदावर देत नाई, मास्तराच्या तोंडीही देत नाई. जिच्यासाठी पाहिजे तिले घेऊन ये. तिच्या कानात सांगीन."

आबाजी, शेजारची बाई म्हणजे माझी बायको.

तिचं नाव सत्यवती. पाहा, घेतलं मी नाव, आभाळ जाग्यावर आहे. तिचे वडील केशवराव, तेल्हाऱ्याचे, आपल्यातलेच माळी, इथं फिटर आहेत. दोन सालांमागं मी तापानं पडलो तवा त्यांनीच घरी नेलं. बरा झालो तरी तिथून हलेना, मंग त्यांनी लग्नच लावून देल्लं. तुमी तिवश्याले शब्द दिला होता, तो माझ्यापायी मोडला. या भेवानं कळवलं नाई. फाट्यावरून घोंगड्याआड गेलो तेही त्याच भेवानं. घरी आलो असतो त तुमच्यासमोर खोटं निभलं नसतं.

पोट्टी दिवाळीच्या तोंडावर झाली. नाकडोळे छान आहेत, आवाज इंजिनाचा. इथल्या बायांनी दृष्ट काढली, धुरी दिली, काही उपेग नाई. माझी सासू म्हणे, "घरचं कोणी परत आलं असंन. त्याचं नाव घेतलं की गप होईन." मंग पोट्टीले सुपात निजवलं अन् एकेक नाव घेत गेलो. तेल्हाऱ्याकडचे सगळे मेलेले संपले. आपल्याकडचे, माझे गेलेले माय-बाप झाले. पोट्टी रडूनच राहिली. सासू म्हणे, "अजून कोण राह्यलं?" मी म्हटलं, आजी राह्यली. "मंग घ्या नाव!" नाव कुठून आणू? म्हटलं, "नत्थुजीची बायको." त्या शब्दाले तिनं असा टाहो फोडला की खालच्या चाळीतले लोक वर आले.

त्या दिवशी ठरवलं, आजीचं नाव सापडल्याबिगर बारसं नाई. दोन महिने झाले, इथं सगळे तिले नुसतं 'ए' म्हणून हाक मारतात.

तुमच्या कार्डाच्या कडेला मास्तरांनी बारीक अक्षरात आणखी एक ओळ लिहिली, ती तुमाले ठाऊक नसंन. 'नत्थुजी म्हणतात, बायकोचं नाव घेता येत नाही, पण पणतीचं दिवसभर घेता येईल. हे सांगताना लाजले.' मास्तर, हे वाचून दाखवा, मोठ्यानं.

रजा मिळाली. संक्रांतीच्या आधी येतो. पांढुर्ण्याले उतरू, तिथून मोटारीनं फाट्यावर. बैलबंडी धाडाल त बरं, सत्यवतीले लेकरू घेऊन चालवणार नाई. ती तुमच्या पाया पडाले उतावीळ आहे अन् भेवूनही राहिली आहे, दोन्ही एकदमच. तुमी रागवाचं असंन त मले फाट्यावरच रागवून घ्या, घरात जाईस्तोवर संपवून टाका. कानात सांगाल तवा मी अंगणात जाऊन उभा राहीन, ऐकणार नाई. पहिल्यांदा ऐकाचा हक्क पोट्टीचा.

वाट पाहा.

तुमचा शालिकराम,
सत्यवती,
अन् जिचं नाव अजून तुमच्यापाशी आहे ती.