फोटो आईला दाखवले

मालगुंड,
१२ फेब्रुवारी

चि. ऋजुता,
अनेक आशीर्वाद. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतेय. पनामाला पोचलीस की निवांत वाच.

इथे सगळं ठीक. मोहोर बरा आहे. आई जेवते.

तुझे फोटो मिळाले. ग्वाटेमालात डोंगर ओलांडला की भाषा बदलते, कापडावरची वीण बदलते, याचं तुला केवढं कौतुक. अगं, आपल्याकडे खाडी ओलांडली की बोलणं बदलतं आणि आमटीसुद्धा. निकाराग्वाचा समुद्र पाहून लिहिलंस, ‘ताई, हुबेहूब मालगुंड.’ मग इथलाच बघायचास, जाता जाता आईचं अंथरूणही बदलून झालं असतं. रागावू नकोस. रागावलीस तरी चालेल.

रोज माझे फोटो दाखव, नाहीतर आई मला विसरेल, असं तू बजावून गेलीस. दाखवत होते. झालं उलटंच. तिने तुझाच ध्यास घेतला. माझ्या हातचा घास थुंकून टाकायची. “मालिनी नको, ऋजुताला बोलवा,” म्हणायची. पाणीसुद्धा घेईना. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकात नळी घालावी लागेल.

शेवटी मी म्हटलं, “आई, मीच ऋजुता.”

तिने माझ्या गालावरून हात फिरवला. “बारीक झालीस गो,” म्हणाली आणि वाटीभर मऊभात खाल्ला. मला इतका आनंद झाला आणि इतकी चीड आली, की मोरीत जाऊन रडले. आजवर तिने माझ्या गालाला हात लावल्याचं मला आठवत नाही.

परवा तिने तुझा ज्वालामुखीपुढचा फोटो पाहिला. ही कोण, म्हणाली. मी सांगितलं, मालिनी. लांब फिरायला गेलीय.

“जाऊ दे. तिचा हात कडक,” आई म्हणाली आणि फोन पालथा ठेवला.

तेव्हा आलीस की तिच्या गळ्यात पडून ‘मी ऋजुता’ म्हणू नकोस. दोन-दोन ऋजुता तिला झेपायच्या नाहीत, पुन्हा जेवण सोडेल. मालिनी म्हणून ये. ती तोंड फिरवेल. सवय होते; मला जन्म लागला, तू हुशार आहेस. घास मीच भरवीन.

आणि खरं सांगते, उद्या डॉक्टर म्हणाले की आता नळीची भीती नाही, तरी हे नाव मी तुला परत देणार नाही.

जपून ये.

आईची,
ऋजुता