पिवळा दिसणारा क्वार्ट्झ

प्रिय रोशनी,

आठ दिवस झाले, फोन उचलत नाहीस. उचललास तरी "बाबा, प्रबंध लिहून राह्यली, मंग बोलतो" म्हणून ठेवून देतेस. म्हणून हे पत्र दीपालीच्या हाती नागपूरला पाठवतोय. सोबत आईने डबा दिलाय, पण आधी हे वाच.

दीपाली बहिणीच्या लग्नाला आली होती, तेव्हा घरी डोकावली. प्रयोगशाळेत तुझ्या शेजारच्याच टेबलावर बसते, आणि तिला खोटं बोलता येत नाही. तुझ्या सरांनी मी घासून दिलेले एटापल्लीच्या खडकाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि विचारलं म्हणे, "क्वार्ट्झ पिवळा काऊन दिसते?" तर तू सांगितलंस, सूक्ष्मदर्शकच बिघडलाय. अगं, कॉलेजात तीस वर्षं मी खडक घासतोय. क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, करडा-पांढरा दिसला की काप केसाहून पातळ झाला, हात थांबवायचा. पिवळा दिसला तर अजून जाड आहे. तू सातवीत होतीस तेव्हा मीच तुला हे दाखवलं होतं. जाड कापात सगळेच रंग भडक होतात, एक खनिज दुसरंच वाटतं. त्यावरून हा खडक किती खोल, किती उष्णतेत बनला हे तू लिहिलंस, ते सगळं चुकलं. तुला ठाऊक होतं, तरी प्रबंधात तसंच ठेवलंस. डोकं फिरतं माझं.

कशासाठी ठेवलंस तेही कळतं, म्हणून जास्त राग येतो. मोतीबिंदूमुळे मला फिकट पिवळा आणि पांढरा वेगळा दिसत नाही, हे तू उन्हाळ्यातच ओळखलंस. मलाही कळलं होतं, कबूल करवत नव्हतं. "नागसेनभाऊचा काप म्हणजे पाहाचं कामच नाई" हे माझं कौतुक ऐकायची सवय लागली होती. पण बापाचं नाव राखायला तू खडकाबद्दल खोटं लिहिणार? त्या दगडांसाठी दोन महिने जंगल तुडवलंस, तुझी आई तेव्हा काळजीने धड जेवत नव्हती.

डब्याखाली उरलेल्या दगडांचे बारा नवे काप आहेत. आमच्या प्रयोगशाळेतल्या दिव्यानीने घासलेत, मी हात लावलेला नाही. आज सकाळी आमच्या विभागप्रमुखांना सांगून आलो, "मॅडम, मले दिसत नाई, पोरीचे काप माझ्यानं जाड राह्यले." तसं लिहूनही दिलं, आणि एक प्रत तुझ्या सरांना धाडली. आता तुझ्याकडे झाकायला काही उरलेलं नाही. सोमवारी प्रबंध देऊ नकोस. पुन्हा पाहा, आणि दिसेल तेच लिही.

तुझाच,
बाबा