हाडं पिकवणारी मुलगी

७ एप्रिल

आलं! सशाच्या मांडीच्या हाडात भरलेल्या, हाड सांधणाऱ्या सिमेंटमध्ये रक्तवाहिन्या शिरल्या — केसासारखे तांबडे धागे, थेट आतपर्यंत. साधं सिमेंट भरलेल्या सशांत काहीच नाही. चिमूटभर तांबं घातलेल्यांतच! आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख यिन सर सूक्ष्मदर्शकावरून डोकं उचलेनात. मग म्हणाले, "दुसऱ्या तुकडीतही दिसू दे, मग नाचा." आणि स्वतःच सगळ्यांना नूडल्स खाऊ घातले.

मला राहवेना. बाबांना फोन केला. गावी लोकाटाच्या फळबागेत होते. "बाबा, हाड उगवतंय! रक्तासकट!"

"माणसाचं?"

"होणारच की!"

जीभ माझी. ससा हा शब्द काढलाच नाही.

११ एप्रिल

बाबांनी गावभर केलं. आता गावातल्या लुओ काकांचा पाय! ट्रकखाली आल्यापासून त्यांच्या नडगीच्या हाडात फट राहिलीय, जुळतच नाही. कुबड्यांवर चालतात. बाबांचा फोन: "कधी आणू त्याला छंगदूला, तुझ्या प्रयोगशाळेत?" मी म्हटलं, "बघू." 'नाही' म्हणायला काय झालं होतं? मोठेपणा गोड लागतो, दुसरं काय.

१६ एप्रिल

लिहवत नाही. लिहितेच.

आज मोठ्या इस्पितळातले डॉक्टर प्रयोगशाळा बघायला आले होते. माणसांवर चाचणीची परवानगी मागायची तर त्यांची साथ हवी. त्यांना पोचवायला आम्ही फाटकाशी आलो, तर बाहेर गलका. पहारेकऱ्याशी हुज्जत घालणारा आवाज ओळखीचा — बाबा! खांद्यावर घरच्या धुरावलेल्या सॉसेजांची पिशवी, हातात उन्हाकडे धरलेला एक्स-रे. मागे कुबड्यांवर लुओ काका.

"अरे, हीच ती! हाडं पिकवते! हिलाच विचार!"

पाहुण्यांतल्या एक डॉक्टरीणबाई थबकल्या. "परवानगीआधीच पेशंट घेता की काय?" यिन सरांनी माझ्याकडे पाहिलं.

हे माझे बाबा, बाता मीच मारल्या — एवढंच बोलायचं होतं. मी म्हटलं, "कोण आहेत, माहीत नाही. चुकून आलेत."

बाबांचा हात हळूच खाली आला. माझ्याकडे न बघता पहारेकऱ्याला म्हणाले, "हो हो, चुकलंच. म्हाताऱ्याची नजर! दुसरी कुणी असेल." आणि वळले. लुओ काकांच्या कुबड्यांची टकटक लांब जाईपर्यंत मी उभी होते. नुसती उभी!

१७ एप्रिल

फोन बाबांनीच केला. "पोचलो आम्ही. सॉसेजं पहारेकऱ्याकडे ठेवलीत. घेऊन टाक, खराब होतील." मी माफी मागायला तोंड उघडलं. "तुझं काम खोळंबेल, ठेवतो."

पहारेकऱ्याकडे गेले नाही. कुठल्या तोंडानं मागू?

३० एप्रिल

यिन सरांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा पुसला. "कळलं होतं मला. त्यांचं-तुझं कपाळ तेच आहे." एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

१ मे

सुट्टीला घरी. बाबा लोकाटं सोलून माझ्या वाटीत टाकत राहिले.

"बाबा, त्या दिवशी फाटकापाशी —"

"हे खाऊन बघ. उन्हाकडच्या फांदीचं आहे."

मला रडू फुटलं. त्यांनी तेही न पाहिल्यासारखं केलं.

उद्या लुओ काकांना खरं सांगायचं. अजून सगळं सशांवरच आहे. माणसांपर्यंत यायला कित्येक वर्षं लागतील.

२ मे

सांगितलं. काका हसायलाच लागले. "ससे ना? माझ्या पोरानं मोबाइलवर वाचून केव्हाच सांगितलं होतं आम्हाला. तुझ्या बापालाही ठाऊक होतं. अगं मानमान, माझा पाय कुठे पळून चाललाय? तू काम करतेस ती जागा एकदा बघायची होती त्याला. पोरगी बोलवत नाही, मग निमित्ताशिवाय कसं जायचं — म्हणून मला सोबत नेलं."